वाडगा जपानचा, सोयाबीन आपलं

(समुदाय रेडिओवर झालेल्या बोलण्याचं लिखित रूप)

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आपल्या कितीतरी जणींची लेकरं बारावीला, नीटच्या तयारीला लातूरला नाहीतर नांदेडला राहतात. रात्री फोन केला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवलास का? काय जेवलास?" आधी उत्तर यायचं, मेसचं वरण-भात. मग यायला लागलं, नूडल्स, मंचुरियन. आता पोरं सांगतात, "राईस बोल खाल्ला", "रामेन खाल्लं", "जपानी होतं". बऱ्याच गटांतून आम्हाला विचारणा झाली, की हे नेमकं असतं काय? पोटाला चालतं का? आणि एवढे पैसे कशाचे घेतात?

म्हणून आज त्या वाडग्याची ओळख करून घेऊ. ती करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या वाडग्याची चव ज्या दाण्यावर उभी आहे, तो दाणा तुमच्या-आमच्या शेतात पिकतो. त्याला आपण सोयाबीन म्हणतो, काढतो, पोत्यात भरतो आणि मोंढ्यावर नेऊन घालतो. तो खायचा कसा, हे मात्र आपल्या चुलीला अजून नीट ठाऊक नाही.

वाडग्यात असतं काय?

जपानात खोलगट वाडग्यात गरम भात घेतात आणि त्यावरच कालवण, भाजी, अंडं, मासा असं काहीतरी घालतात. ताट नाही, वाट्या नाहीत, सगळं एकात. त्याला ते डोनबुरी म्हणतात. शहरातला ‘राईस बोल’ हा त्याचाच धाकटा भाऊ. त्यांच्या एका वाडग्याचं नाव मोठं गमतीचं आहे, ओयाकोडोन. ओयाको म्हणजे आई-बाप आणि लेकरू. भातावर कोंबडीही असते आणि अंडंही, म्हणून हे नाव!

त्यांचा तांदूळ आखूड आणि चिकट. शिजला की दाणे एकमेकांना धरून राहतात, म्हणून तो दोन काड्यांनी उचलता येतो. आपल्याकडं मावळातला इंद्रायणी शिजल्यावर असाच थोडा चिकट होतो, त्यावरून अंदाज करा. बासमतीचा मोकळा भात काड्यांनी खायला बसलात तर दुपारचं जेवण संध्याकाळी उरकेल.

दुसरा प्रकार शेवयांचा. रामेन म्हणजे गव्हाच्या पिठाच्या लांब शेवया, गरम रश्शात घातलेल्या. मुळात त्या चीनमधून जपानात आल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. त्यांच्या पिठात एक खारट क्षार घालतात, त्यानं शेवई पिवळसर होते आणि ताणली तरी तुटत नाही. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो ना? तीच जात. पापड लाटणाऱ्या बाईला रामेनचं गुपित वेगळं सांगायला नको.

उडोन नावाच्या जाड शेवयाही असतात. कणीक, मीठ, पाणी, बस्स. त्या रश्शात शिजवून खातात. आता आठवा, आपण वरणफळं करतो, कुणी चकोल्या म्हणतं. कणकेचे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे, वरून तुपाची धार. विचार एकच आहे. फरक इतकाच, की आपलं वरण तुरीचं आणि त्यांचा रस्सा बहुधा समुद्राचा.

हे समुद्राचं नीट ऐका, कारण आपल्यात माळकरी आहेत, शाकाहारी आहेत. जपानी रश्शाचा पाया असतो दाशी. ती एका समुद्री वनस्पतीपासून आणि वाळवलेल्या माशाच्या पातळ कापांपासून करतात. रस्सा दिसतो साध्या पाण्यासारखा, वर भाजीच तरंगते, पण खाली मासा असू शकतो. रामेनच्या रश्शात हाडं उकळलेली असू शकतात. लातूर-नांदेडच्या हॉटेलांत मिळतं ते अस्सल जपानी नसतं, जपानी धाटणीचं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी रस्सा निव्वळ भाजीचा करतात. तरी विचारायला लाजू नका. "वर काय आहे" एवढं विचारून भागत नाही, "रस्सा कशाचा आहे" हेही विचारायचं.

आम्ही चाखलं तेव्हा

नुसतं ऐकीव सांगणं बरं नव्हे, म्हणून आम्ही सहाजणी लातूरला क्लासच्या भागातल्या एका छोट्या हॉटेलात जाऊन बसलो. तीन वाडगे मागवले आणि वाटून खाल्ले. एक भाताचा, त्यावर तळलेलं सोया पनीर आणि भाज्या. दुसरा रश्शातल्या शेवयांचा. तिसरा भात, शेजारी पिवळसर घट्ट कढण आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेली भाजीची वडी.

पहिल्या घासाला सगळ्यांचं एकच मत पडलं, "तिखट कुठंय?" मिरची नाही, हळद नाही, फोडणीचा खमंगपणा नाही. आपल्या जिभेला ठेच्याची सवय. पण तीन-चार घास गेल्यावर एक चव लागायला लागली. ती खारट होती, गोडसर होती आणि त्याखाली आणखी एक भरीव चव होती, जिला आपल्याकडं वेगळं नाव नाही. आमच्यातल्या एका काकूंनी ती बरोबर पकडली. त्या म्हणाल्या, "बाई, टमाटं लई वेळ आटवल्यावर जशी चव येती, तसं काहीतरी हाय हे."

काकूंची जीभ शास्त्रज्ञाची निघाली. १९०८ साली जपानात किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हीच चव शोधून काढली. बायकोनं केलेल्या रश्शाला ही चव कुठून येते, असा प्रश्न त्यांना पडला होता, असं सांगतात. त्या समुद्री वनस्पतीतून त्यांनी एक पदार्थ वेगळा काढला आणि चवीला नाव दिलं उमामी. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंगतीत बसलेली ही पाचवी चव. पिकल्या टमाट्यात, अळिंबीत, सुक्या मासळीत ती असते. इकेदांनी त्या पदार्थाची पांढरी पूड बाजारात आणवली, तिचं नाव अजिनोमोटो. जपानी भाषेत त्याचा अर्थ ‘चवीचं मूळ’. आपल्याकडं चायनीजच्या गाड्यावर चिमटीनं टाकतात ती हीच.

शेवयांच्या वाडग्याबाबत एक जण कुजबुजली, "आवाज न करता खायचं कसं?" जपानात रामेन फुर्रर्र आवाज करून ओढलेलं चालतं, त्याला कुणी नावं ठेवत नाही. मग काय, गरम आमटी भुरकणाऱ्या आपण! सगळ्यांत आधी तोच वाडगा संपला.

तिसऱ्या वाडग्यातलं पिवळं कढण मात्र ओळखीचं लागलं, आणि त्याला कारण आहे. ते जपानी ‘करी’. आपल्या मसाल्याचा हा प्रकार इंग्रजांमार्फत जपानात पोहोचला, म्हणून तो मैद्यानं घट्ट केलेला आणि गोडसर झाला. पुढं त्यात एक हिंदी माणूसही आला, क्रांतिकारक रासबिहारी बोस. १९१५ साली इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन ते जपानला गेले. टोकियोतल्या नाकामुराया या दुकानाच्या मालकांनी त्यांना लपवून ठेवलं. १९१८ साली त्या घरच्या लेकीशी, तोशिकोशी, त्यांचं लग्न झालं. १९२७ साली त्या दुकानात भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात झाली, ती बोसांनी शिकवलेली. म्हणजे जावयानं सासरच्या दुकानाला मसाला दिला! तेव्हा ‘जपानी’ म्हणून समोर येतं ते सगळंच परकं असतं, असं नाही.

गाड्यावरचं चायनीज वेगळं

पोरं दोन्हींना ‘नूडल्स’च म्हणतात, म्हणून फरक सांगतो. गाड्यावरचं चायनीज हे आपल्या देशातच घडलेलं खाणं. मंचुरियन तर मुंबईत नेल्सन वांग या स्वयंपाक्यानं १९७५ च्या सुमारास केलं असं सांगतात, चीनमधल्या मांचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता. त्यात मोठ्या आचेवर परतणं, लसूण-मिरची आणि तेल सढळ.

आणि पाकिटातल्या दोन मिनिटांच्या शेवया? त्या जपानच्याच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं अन्नाची फार टंचाई होती. मोमोफुकू आंदो यांनी शिजवलेल्या शेवया तेलात तळून वाळवायची युक्ती काढली आणि १९५८ साली पहिलं पाकीट विकायला आणलं. आपल्याकडं मॅगी आली १९८३ साली. म्हणून ध्यानात ठेवा, पाकिटातल्या बहुतेक शेवया आधीच तळलेल्या असतात. आपल्या उन्हाळ्यातल्या हातशेवया मात्र नुसत्या उन्हात वाळवलेल्या.

काळ्या बाटलीचं रहस्य

आता मुद्द्यावर येऊ. आम्ही चाखलेल्या पहिल्या दोन वाडग्यांत एक गोष्ट होतीच, सोयाबीन. रश्शात सोया सॉस, भातावर सोया पनीर, म्हणजे टोफू. जपानात याच दाण्याची मिसो नावाची आंबवलेली चटणीही करतात, ती पाण्यात कालवून रोजचा सूप होतो. हिरव्या कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, आपण ओल्या भुईमुगाच्या खातो तशा.

खरा सोया सॉस कसा होतो ऐका. सोयाबीन शिजवायचं, भाजून भरडलेला गहू त्यात मिसळायचा. त्यावर एक खास बुरशी वाढवायची. मग मिठाच्या पाण्यात घालून कित्येक महिने मुरवत ठेवायचं. शेवटी पिळून गाळायचं. आपलं लोणचं मुरतं तसंच हे काम, घाई चालत नाही. पण स्वस्तातल्या कित्येक बाटल्या अशा मुरवलेल्या नसतात. आम्लाच्या जोरावर सोयाबीनची पेंड काही दिवसांत विरघळवतात, मग काळा रंग यावा म्हणून कॅरामल घालतात. बाटलीमागची बारीक अक्षरं शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. ‘हायड्रोलाइज्ड’ असा शब्द दिसला तर तो झटपट प्रकार समजा.

आणि मीठ! सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या जवळपास मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे दोन चमच्यांत दिवसाचा वाटा संपला. याचा फटका खुद्द जपाननं सोसलाय. उत्तरेकडच्या अकिता भागात लोक खारवलेलं फार खायचे आणि लकव्यानं माणसं मरायचं प्रमाण तिथं फार होतं. मग सरकारनं आणि गावोगावच्या बायांनी मीठ कमी करायची मोहीम चालवली. ज्या घरात बीपीची गोळी चालू आहे, तिथं ही बाटली जपून वापरायची.

आपलं सोयाबीन जातं कुठं?

लातूरचा मोंढा सोयाबीनसाठी देशभर ओळखला जातो. आपल्या आई-सासूच्या काळात खरिपात ज्वारी, मूग, उडीद, तूर असायची. पोटाचं पीक आधी, विकायचं नंतर. गेल्या तीसेक वर्षांत रानं सोयाबीननं व्यापली. पैसा हाती लवकर येतो म्हणून आपण ते पेरलं, त्यात चूक काही नाही. पण झालं असं, की रानात आहे ते घरात शिजत नाही आणि घरात शिजतं ते दुकानातून येतं.

मोंढ्यावरून सोयाबीन जातं गिरणीत. शंभर किलो दाण्यातून साधारण अठरा किलो तेल निघतं, बाकी राहते पेंड. ती पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते, काही परदेशात जाते. आता बघा, दाण्याचं खरं बळ त्या पेंडीत आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात. तुरीच्या डाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अंगात ताकद भरणारा भाग आपण कोंबड्यांकडं पाठवतो आणि बाळंतिणीसाठी, वाढत्या पोरीसाठी डब्यातली महागडी पावडर आणतो.

भावाचं तर तुम्हाला सांगायची गरज नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण कितीतरी घरांनी त्याहून कमी भावात माल घातला. २०२५ च्या हंगामासाठी ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि सप्टेंबरच्या पावसानं उभी रानंच पाण्याखाली गेली. आम्ही असं म्हणत नाही, की घरात सोयाबीन खाल्लं म्हणजे भाव वाढेल. भावाची लढाई वेगळी आणि ती लढलीच पाहिजे. पण पोत्यातला एक वाटा तरी आपल्या चुलीपर्यंत पोचावा, एवढं आपल्याच हातात आहे.

जपानची गोष्ट उलटी आहे. त्यांना लागणाऱ्या सोयाबीनपैकी बहुतेक सगळं बाहेरून येतं, अमेरिकेतून, ब्राझीलमधून, कॅनडातून. दाणा दुसऱ्याचा, तरी ताटात त्याचे दहा पदार्थ. आपल्याकडं दाणा घरचा आणि पदार्थ एखादा, तोही सोयावडीचा, दुकानातून आणलेला.

तिथल्या खेड्यातल्या बायांनी काय केलं

वाडगा शहरातल्या हॉटेलातून दिसतो तेवढाच नाही. त्याच्या मागं खेड्यातल्या बाया आहेत.

महायुद्ध संपलं तेव्हा जपानची खेडी गरीब होती. सुना पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायच्या, चुलीच्या धुरानं डोळे जायचे, लावणीच्या दिवसांत स्वयंपाकाला वेळ नसायचा. १९४८ साली शेतीसुधारणेचा कायदा झाला. त्यात शेतीच्या सल्लागारांसोबत घरसंसाराच्या सुधारणेसाठी बाई कार्यकर्त्या नेमल्या. त्या सायकलवरून गावोगाव फिरायच्या, बायांचे गट बांधायच्या. गटानं बसून ठरवायचं, आपली पहिली अडचण कोणती? बऱ्याच गावांत उत्तर आलं, चूल. मग गटानं थोडे थोडे पैसे साठवून धूर बाहेर काढणाऱ्या चुली बांधल्या. लावणीच्या दिवसांत सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र केला. रोजच्या जेवणात सोयाबीन, अंडी, भाज्या वाढवल्या. ऐकताना आपल्या बचत गटाची बैठक आठवते की नाही?

पुढं १९७९ साली ओइता प्रांताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी ‘एक गाव, एक उत्पादन’ अशी चळवळ सुरू केली. प्रत्येक गावानं आपलं काय खास आहे ते ओळखायचं आणि त्याचा पक्का माल करून विकायचा. आपल्याकडं ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ म्हणतात, त्याचं मूळ तिथं आहे. जपानात ठिकठिकाणी बायांच्या गटांनी मिसो, लोणची, टोफू करायला घेतलं. १९९३ साली हमरस्त्यांच्या कडेला ‘मिचि-नो-एकी’, म्हणजे रस्त्याची ठाणी, सुरू झाली. सुरुवातीला १०३ होती, आता बाराशेच्या वर आहेत. गाडीवाले तिथं विसाव्याला थांबतात आणि आसपासच्या गावांचा ताजा माल घेतात. आपल्या लातूर-नांदेड रस्त्यावर किती गाड्या धावतात, ते तुम्ही रोज बघता.

घरी करून बघा

आधी तीन सावधानीच्या गोष्टी.

एक, पेरणीचं औषध लावलेलं बियाणं कधीच खायचं नाही, धुऊनसुद्धा नाही. खायचा दाणा वेगळा ठेवा. फवारणी झालेल्या रानातल्या हिरव्या शेंगाही तोडून खाऊ नका.

दोन, सोयाबीन कच्चं खायचं नाही. कच्च्या दाण्यात पचन अडवणारे घटक असतात, ते चांगलं शिजल्यावरच जातात.

तीन, सोयाबीन काहींना सोसत नाही. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले तर थांबा आणि दवाखाना गाठा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन यांत किती अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारा.

आता सोया पनीर. पहिल्यांदा पाव किलोचंच करा. निवडलेलं सोयाबीन रात्रभर भिजवा. सकाळी चोळून टरफलं काढा. दाणे पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, त्यानं उग्र वास मोडतो. गरम पाणी घालत मिक्सरवर बारीक वाटा. एकूण पाणी दोन लिटरच्या आसपास. हे सगळं जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा. फेस दुधासारखा भराभर वर येतो, म्हणून बाजूला व्हायचं नाही, ढवळत राहायचं. उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या. मग स्वच्छ सुती कापडातून गाळा. गाळून निघतं ते सोया दूध. ते पुन्हा तापवा, खाली उतरवून दोन मिनिटं थांबा. दोन लिंबांचा रस अर्धा पेला पाण्यात मिसळून हळूहळू घाला. दूध फाटतं, पिवळसर पाणी वेगळं होतं. दहा मिनिटांनी कापडात बांधा आणि वर वरवंटा ठेवा. अर्ध्या तासात वडी बसते. गार पाण्यात बुडवून थंड जागी ठेवायची. फ्रिज असेल तर रोज पाणी बदलून दोन-तीन दिवस, नसेल तर त्याच दिवशी खायची.

चोथा टाकायचा नाही. तो शिजलेला असतो. थालीपिठाच्या पिठात घाला, भाकरीच्या पिठात मूठभर मळा, वड्यांत घाला.

आता आपला वाडगा. गरम भात घ्या, नाहीतर ज्वारीच्या कण्या. सोया पनीरचे तुकडे करडईच्या नाहीतर शेंगदाण्याच्या तेलात खरपूस परता. कांद्याची पात, पालक, गाजर मोठ्या आचेवर दोन मिनिटं. काळ्या बाटलीऐवजी चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, थोडं मीठ, ठेचलेला लसूण आणि आटवलेला टमाटा. वरून भाजलेले तीळ, बाजूला जवसाची चटणी. ही चव जपानी नाही, पण वाडगा भरीव होतो आणि पोरं आवडीनं खातात. आम्ही केला तेव्हा पातेलं पुसून निघालं.

लेकरांना काय सांगायचं?

नुसतं "बाहेरचं खाऊ नको" म्हटलं की पोरं खातात आणि सांगत नाहीत. त्यापेक्षा निवडायला शिकवा. लालभडक दिसतं ते टाळ. कर्नाटक सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली, ती तपासणीत घातक रंग सापडल्यावर. आपल्या शेजारचंच राज्य आहे. समोर गरम करून देतात तिथं खा. सकाळपासून झाकून ठेवलेला भात पुन्हा परतून दिला तर खाऊ नको, तसल्या भातानं पोट बिघडतं. पाकिटाच्या शेवया करायच्याच असतील तर मसाल्याची पुडी अर्धीच घाल, त्यात अंडं, शेंगदाणे किंवा भाजी टाक. घरून जाताना डब्यात फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू द्या. अभ्यासाच्या रात्री भूक लागते ती खरी असते.

गटासाठी हिशोब

एक किलो सोयाबीनपासून दीड ते दोन किलो सोया पनीर होतं. २०२५ च्या हमीभावानं एक किलो दाण्याची किंमत त्रेपन्न रुपये. त्यात गॅस, लिंबू, कापड, मजुरी धरा. मग लातूरच्या दुकानात टोफूचं पाकीट केवढ्याला आणि किती ग्रॅमचं, ते विचारून या. दोन आकडे शेजारी लिहा. मधलं अंतर कुणाच्या खिशात जातं, ते कागदच सांगेल.

पण लगेच कर्ज काढून यंत्र आणू नका. सोया पनीर नासका माल आहे. थंड साठवण नसेल, गाडी वेळेवर नसेल, गिऱ्हाईक ठरलेलं नसेल, तर नफा पाण्यात जातो. आधी महिनाभर गटातच करून खा. मग आठवडी बाजाराला दोन किलो नेऊन बघा. जवळच्या मेसला, हॉटेलाला विचारा, आठवड्याला किती लागतं. विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच, ती आधी करा. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, जी २०२० साली सुरू झाली, गटातल्या सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय ठेवली होती. सध्या काय चालू आहे, ते तालुका कृषी कार्यालयात किंवा तुमच्या उमेदच्या, माविमच्या ताईंना विचारा. शिकायचं असेल तर भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं सोया पनीरवर बरंच काम केलंय, कृषी विज्ञान केंद्रामार्फत तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी करता येते.

ज्यांना टोफू अवघड वाटतं, त्यांनी शेवयांकडं बघा. त्या टिकतात, फ्रिज लागत नाही, हात बसलेला आहे. गव्हाच्या पिठात थोडं भाजलेल्या सोयाबीनचं पीठ मिसळून शेवया करून बघा. दहा भागाला एक भाग, त्यापेक्षा जास्त घातलं तर शेवई तुटते.

पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामं करा. घरात पाच किलो बिनऔषधाचं सोयाबीन खाण्यासाठी म्हणून बाजूला काढा आणि डब्यावर तसं लिहा. पाव किलोचं पनीर करून वजन करा, किती भरलं ते वहीत टिपा. आणि शहरात असलेल्या लेकराला फोनवर विचारा, "वाडग्यात काय काय होतं?" त्याचं सांगून झालं, की तुम्हीही सांगा त्यातला कोणता दाणा कुठून आलाय.

तुमच्या वहीतले आकडे आम्हाला कळवा. ज्या गटाचं पनीर बसलं नाही, त्यांनी तर आधी कळवा. का बसलं नाही, ते आपण सगळ्या मिळून शोधू.